हंगामाबाहेरचे पाच महिने: रिचार्जेबल उपकरणांच्या साठवणीच्या नोंदी

४ जून. मोजदाद

हंगाम संपला. सामान २ नोव्हेंबरपर्यंत कपाटात राहणार, म्हणजे साधारण १५० दिवस. आतापर्यंतची पद्धत एका ओळीची होती: सगळं फुल चार्ज करायचं, पिशवीत भरायचं आणि हंगामाच्या आदल्या दिवशी उघडायचं. लेड-ॲसिड आणि निकेलचे सेल सोडले तर ही पद्धत सगळ्यांनाच वाईट.

यादी: ड्रोनचे लिथियम पॉलिमर पॅक ६ (प्रत्येकी ४ सेल, ५००० एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास), वॉकी-टॉकी ८, हेडलॅम्प ९ (५ आतल्या बॅटरीचे, ४ सुट्या १८६५० सेलचे, म्हणजे त्या मापाच्या नळकांडी सेलचे), जीपीएस ट्रॅकर ४, ब्लूटूथ स्पीकर १, इअरबडच्या २ जोड्या, पॉवर बँक ५, ई-बाइकचा ३६ व्होल्टचा पॅक १, लिथियम आयर्न फॉस्फेटचं ५०० वॉट-तासांचं पॉवर स्टेशन १, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची सीलबंद लेड-ॲसिड १, निकेल मेटल हायड्राइडचे एए सेल २४.

प्रत्येक वस्तूवर मास्किंग टेप. त्यावर क्रमांक, तारीख, व्होल्टेज आणि पुढच्या तपासणीची तारीख. मार्करने लिहायचं, बॉलपेनची शाई टेपवर पुसली जाते.

५ जून. किती चार्ज ठेवायचा

लिथियम आयन सेल पूर्ण भरला की ४.२० व्होल्ट, रिकामा म्हणजे साधारण ३.०. साठवणीला ३.७५ ते ३.८५, म्हणजे ढोबळमानाने निम्मा. निम्माच का, तर दोन्ही टोकांना वेगवेगळी मोडतोड चालू असते. वरच्या टोकाला सेलमधल्या द्रावणाचं विघटन वेगाने होतं आणि ग्रॅफाइटवरचा थर जाड होत जातो. त्या थरात अडकलेलं लिथियम परत कामाला येत नाही. पाऊच सेल, म्हणजे मऊ पाकिटातले सेल, फुगतात ते याच विघटनातून सुटलेल्या वायूमुळे. खालच्या टोकाला सेल साधारण दीड-दोन व्होल्टच्या खाली रेंगाळला की ऋण बाजूचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुढे चार्ज करताना ते तांबं भलत्या जागी बसतं आणि आतल्या आत शॉर्ट होण्याची वाट मोकळी होते.

तापमानाचा वाटाही मोठा. २५ अंशांना ४० टक्के चार्जवर वर्षभर ठेवलेला सेल साधारण ४ टक्के क्षमता गमावतो, त्याच तापमानाला पूर्ण भरलेला साधारण २० टक्के. ४० अंशांना हेच आकडे १५ आणि ३५ च्या आसपास जातात. सेलच्या रसायनानुसार थोडंफार इकडेतिकडे होतं, दिशा बदलत नाही.

व्होल्टेज मोजताना चार्जर काढल्यावर निदान दोन तास थांबायचं. लगेच मोजलं की आकडा फुगलेला येतो. मीटरची चूक अर्धा टक्का असेल तर ३.८० वर ती ०.०२ व्होल्ट होते. साठवणीपुरतं चालतं. पॅकमधल्या सेलची आपसात तुलना करायची तर मात्र सगळे सेल एकाच मीटरने, एका बैठकीत मोजायचे.

६ जून. बंद उपकरण किती पितं

बॅटरी कपाटात मरते ती बहुतेक वेळा स्वतःच्या गळतीने नव्हे. लिथियम सेलची आपली गळती महिन्याला एक-दोन टक्के, संरक्षण सर्किटचा वाटा धरला तर तीनपर्यंत. खरा चोर म्हणजे ‘बंद’ असलेलं उपकरण. बटण दाबून धरल्यावर बंद होणाऱ्या प्रत्येक वस्तूत ते बटण पुन्हा कधी दाबलं जातंय याची वाट बघत एक चिप जागी असते. वॉकी-टॉकीच्या ‘टक्’ वाजणाऱ्या नॉबमध्ये खरा स्विच आहे: मीटरवर शून्य. बाकीचे मोजावे लागले.

मोजण्यातली अडचण अशी की मीटर मायक्रोअँप रेंजवर सिरीजमध्ये लावला की उपकरण सुरू होतानाचा झटका त्यातून जातो. मग एकतर मीटरचा फ्यूज उडतो, नाहीतर मीटरच्या रोधामुळे व्होल्टेज पडून उपकरण रीसेट होत राहतं आणि वाचन भलतंच येतं. उपाय सोपा आहे. मीटरच्या दोन टोकांना समांतर एक वायर जोडायची. उपकरण सुरू करून बंद करायचं, पाच मिनिटं थांबायचं, तोवर ते पूर्ण झोपतं. मग वायर काढायची आणि वाचन घ्यायचं. वाचन झाल्यावर बटणाला हात लावण्याआधी वायर परत जोडायची. दुसऱ्या ट्रॅकरच्या वेळी ही पायरी राहिली आणि फ्यूज गेला.

जीपीएस ट्रॅकर, १८०० एमएएच: ०.२४ मिलिअँपिअर. म्हणजे दिवसाला ५.७६ एमएएच. निम्मा चार्ज ९०० एमएएच, तो पुरतो १५६ दिवस. आपल्याला हवेत १५०. कागदावर सहा दिवस राखून वाचतो खरा, पण सेलची स्वतःची गळती त्यात धरलेली नाही. सेल काढूनच ठेवायचे.

आतल्या बॅटरीचा हेडलॅम्प, १२०० एमएएच. एक उघडून मोजला: ०.०३५ मिलिअँपिअर. दिवसाला ०.८४ एमएएच, निम्म्या चार्जवर सातशे दिवस. तसाच ठेवला तरी चालेल.

१८६५० चे हेडलॅम्प: मागची टोपी पाव फेरा उलट फिरवली की सर्किट तुटतं. एकावर तपासलं, शून्य. चारही लॅम्पना तेच लागू धरलं.

८ जून. साठवण चार्ज

ड्रोनचे पॅक चार्जरच्या स्टोरेज मोडवर, प्रत्येकी १५.३ ते १५.४ व्होल्ट. सेलमधला फरक ०.०१ पर्यंत. पॅक काचेवर सपाट ठेवून बोटाने दाबून पाहिले. डुगडुगला तर फुगलाय. सहाही स्थिर.

वॉकी-टॉकीचे पॅक ७.६ व्होल्टला आणून काढून ठेवले. ई-बाइकचा पॅक १० सेलचा, पूर्ण भरला की ४२.० व्होल्ट. ३८.२ ला चार्जर काढला आणि पॅकही बाइकवरून उतरवला, कारण डिस्प्लेचं सर्किट त्यावर बसतं.

पॉवर बँका चार दिव्यांपैकी दोनवर. त्यांचे दिवे फार भरवशाचे नसतात, पण इथे तेवढं पुरतं.

पॉवर स्टेशनला व्होल्टेज बघून काही कळत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल ४० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत जवळजवळ एकाच व्होल्टेजवर, ३.२८ ते ३.३० च्या दरम्यान, बसून असतो. म्हणून ते पूर्ण भरलं आणि डीसी आउटपुटवर ६० वॉटचा दिवा चार तास लावून २४० वॉट-तास काढले. मग मागचा मुख्य स्विच बंद. पुढचं बटण पुरत नाही, त्याने फक्त स्क्रीन विझते.

लेड-ॲसिड उलट्या नियमाची. पूर्ण भरूनच ठेवायची. अर्धवट राहिली की प्लेटवरचं लेड सल्फेट टणक स्फटिक बनतं आणि नंतर कितीही चार्ज केलं तरी पूर्ण मोकळं होत नाही. विश्रांतीनंतर १२.८५ व्होल्ट. १२.५ च्या खाली येण्याआधी परत भरायची.

निकेल मेटल हायड्राइडचे २४ पैकी १६ कमी गळतीचे, ८ जुन्या पद्धतीचे. हे कोणत्याही चार्जवर ठेवता येतात. जुने आठ महिन्याला २० ते ३० टक्के सोडणार आणि हंगामाच्या सुरुवातीला रिकामे मिळणार, ते गृहीतच. उपकरणात मात्र ठेवायचे नाहीत. एका रांगेत बसलेल्या सेलपैकी अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात, त्यामुळे त्याची ध्रुवता उलटते.

स्पीकर आणि इअरबड उघडता येत नाहीत. त्यांची चौदा दिवसांची चाचणी आजपासून.

१२ जून. जागा

वरच्या कप्प्यात आणि खालच्या कप्प्यात एकेक कमाल-किमान थर्मामीटर चार दिवस ठेवला होता. वर कमाल ३४.५, खाली २७. एकाच कपाटात साडेसात अंशांचा फरक. सगळं खाली.

फ्रिजचा विचार झाला आणि सोडला. थंडी सेलला मानवते, पण बाहेर काढताना पाणी सुटतं ते बोर्डवर बसतं. ज्यांना ठेवायचंच आहे त्यांनी सेल बंद पिशवीत ठेवावेत आणि बाहेर काढल्यावर पिशवी सेल खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. फ्रीझर नको. आणि शून्य अंशाखालचा सेल चार्जरला लावायचा नाही. लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी वरच धातू होऊन साचतं.

उपकरणं एका बाजूला, सुटे पॅक दुसऱ्या बाजूला. बॅटरी नसलेली उपकरणं रबरी गॅस्केटच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसह. आर्द्रता दोन दिवसांत ६८ वरून ४३ टक्क्यांवर. पॅक पत्र्याच्या डब्यात, पण त्याचं गॅस्केट काढून टाकलं. एखादा सेल बिघडून वायू सोडू लागला तर घट्ट बंद डब्यात दाब साठतो. डबा बाहेर जायच्या वाटेवर नाही आणि वर-खाली कापड, कागद नाही.

प्रत्येक उघड्या टोकावर टेप. सुटे १८६५० प्लास्टिकच्या खोबणीत, एकेक. सेल एकमेकांवर लोळू द्यायचे नाहीत.

२० जून. पॅक ३

ड्रोनच्या पॅकची पहिली फेरी, १२ दिवसांनी. पाच पॅक जागच्या जागी. पॅक ३ चे सेल क्रमाने: ३.७३, ३.७३, ३.८४, ३.८४.

पहिली शंका सेल बिघडल्याची येते, पण आकड्यांचा नमुना बघायचा. दोन सेल एकाच मापाने उतरले आणि ते नेमके पहिले दोन आहेत. बिघडलेला सेल एकटा उतरतो. इथे बॅलन्स कनेक्टरवर (प्रत्येक सेलची वेगळी तार आलेला छोटा प्लग) लो-व्होल्टेज बझर, म्हणजे व्होल्टेज उतरलं की वाजणारा भोंगा, लावलेलाच राहिला होता. हा बझर पहिल्या दोन सेलमधूनच आपली वीज घेतो. मोजला तर ५ मिलिअँपिअर. बारा दिवसांत १४४० एमएएच, पॅकच्या जवळपास २९ टक्के. आणखी महिनाभर राहिला असता तर ते दोन सेल संपले असते आणि एकूण व्होल्टेज बघणाऱ्याला साडेतेराच्या आसपासचा आकडा दिसून ‘जरा उतरलाय’ एवढंच वाटलं असतं.

बझर काढला. बॅलन्स चार्जने, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणणाऱ्या चार्जने, चारही सेल ३.८४ वर. पॅक चांगला आहे. यापुढे पॅकवर टेप लावण्याआधी बॅलन्स कनेक्टर रिकामा असल्याची खूण वहीत.

२२ जून. स्पीकर आणि इअरबड

स्पीकर ८ जूनला पूर्ण भरून बंद केला होता. आज यूएसबी मीटरमधून परत भरला: १६५ एमएएच. ३३६ तासांत, म्हणजे ०.४९ मिलिअँपिअर. चार्जिंग सर्किट साध्या लिनियर प्रकारचं असेल तर आत-बाहेरचा प्रवाह जवळपास सारखा असतो आणि आकडा थेट धरता येतो. स्विचिंग प्रकारचं असेल तर ५ व्होल्टकडचा आकडा कमी दिसतो, म्हणजे खरी गळती याहून जास्तच. बॅटरी २२०० एमएएचची. निम्म्या चार्जवर ९३ दिवस. पाच महिने निघणार नाहीत. ६० टक्क्यांवर आणला, दर ४५ दिवसांनी भरायचा.

इअरबडचा हिशोब शिकण्यासारखा आहे. बडमधला सेल ४५ एमएएचचा. पेटीबाहेर ठेवलेली जोडी १४ दिवसांत फोनवर ८० टक्क्यांवरून ७० वर आली. म्हणजे फार तर १३-१४ मायक्रोअँप, हेडलॅम्पच्या निम्म्याहून कमी. तरी निम्म्या चार्जवर ७० दिवसच टिकेल, कारण टाकीच लहान. गळतीचा आकडा एकटा बघून उपयोग नाही, बॅटरीच्या एमएएचला दिवसाच्या खर्चाने भागून बघायचं.

दुसरी जोडी पेटीत ठेवली होती. तिचे बड १०० वरच, आणि पेटी चार दिव्यांवरून दोनवर. पेटी बडना सतत वर ढकलत राहते. म्हणजे आधी महिनाभर बड पूर्ण भरलेल्या अवस्थेत झिजणार, मग पेटी संपणार आणि पाठोपाठ बड. दोन्ही वाईट टोकं एकाच वस्तूत! बड पेटीबाहेर काढले, ६० टक्क्यांवर, दर ४५ दिवसांनी पेटीत टाकून थोडा वेळ भरायचे. लहान सेलच्या सगळ्या वस्तूंना, मनगटावरच्या पट्ट्यांनाही, हाच नियम.

२३ जुलै

भरण्याची फेरी. स्पीकर: ४१० एमएएच घेतले, परत ६० टक्के. इअरबड ४० वर होते, ६० वर आणले. लेड-ॲसिड १२.७२, अजून हात लावायची गरज नाही. सिलिका जेल नारिंगीचा हिरवट झालाय. तबकात पसरून ११० अंशांना तीन तास, थंड होऊन परत डब्यात. १२० च्या वर नेलं की रंग दाखवणारं द्रव्य बिघडतं.

२४ ऑगस्ट. पूर्ण तपासणी, दोन बिघाड

ट्रॅकर ३ चा सेल: टोकांवर ०.०० व्होल्ट. टेपवर ६ जूनचं वाचन ३.१२ आणि शेजारी ‘चार्ज बाकी’. ते चार्जिंग झालंच नाही. तळाला असलेला सेल अकरा आठवड्यांत कट-ऑफच्या खाली गेला.

शून्य म्हणजे सेल मेला असं नाही. संरक्षण सर्किटने दार लावलंय, म्हणून बाहेर काहीच दिसत नाही. चार्जरचं व्होल्टेज मिळालं की दार उघडतं आणि आतला खरा आकडा दिसतो. लावला: २.६४. चार्जर आधी थेंबथेंब देतो, क्षमतेच्या साधारण एक दशांश प्रवाहाने, आणि ३.० पार झाल्यावरच पूर्ण प्रवाह सोडतो. हा सेल १४ मिनिटांत ३.० वर आला, हाताला गार. ठेवला, पण टेपवर लाल खूण. अर्ध्या तासात ३.० गाठत नसेल किंवा कोमट लागत असेल तर तिथेच सोडायचा.

हेडलॅम्प ७, सुट्या १८६५० चा: १.३१ व्होल्ट. हा सेल संरक्षण सर्किट नसलेला, म्हणजे आकडा खरा. कारण शोधायला वेळ गेला. टोपी पाव फेरा उलट फिरवलेलीच होती. पण टोपी फिरवल्याने सर्किट तुटतं ते आट्यांवरच्या ॲनोडायझिंगच्या थरामुळे, तो थर वीज वाहू देत नाही. या लॅम्पचे आटे वापरून घासले गेलेत आणि कडेला उघडं ॲल्युमिनियम चमकतंय. सर्किट चालूच. त्यात स्विचमधला बारीक हिरवा दिवा, जो अंधारात लॅम्प सापडावा म्हणून कायम जळतो. एकूण ०.९ मिलिअँपिअर. २६०० एमएएचचा सेल निम्म्या चार्जवर साठ दिवसांत संपला, उरलेले दिवस ड्रायव्हर सर्किट त्याला खाली ओढत राहिलं. दिवा कोणाला दिसला नाही कारण डबा बंद.

चूक ६ जूनची. एकावर तपासून चौघांना लागू केलं.

सेल टाकायचा. चांगल्या सेलला समांतर जोडून असा सेल ‘जागा’ करायची युक्ती सर्रास सांगितली जाते. होतो जागा, आणि तेच धोक्याचं. तो चार्ज घेतो, चालतो आणि विरघळलेल्या तांब्याचं काय झालंय ते बाहेरून कळत नाही. टोकांवर टेप, वेगळ्या पत्र्याच्या डब्यात, ई-कचऱ्याकडे. उरलेल्या तीन लॅम्पमधून सेल काढले. टोपीवर आता विश्वास नाही.

ड्रोन पॅक ५: ३.८३, ३.८३, ३.७१, ३.८३. बझर नाही, तिसरा सेल एकटाच. हा खरा आजारी. बॅलन्स करून आणखी सहा आठवडे निरीक्षणाखाली.

स्पीकर आणि इअरबड त्याच दिवशी भरून घेतले, वेळेच्या जरा आधी.

५ ऑक्टोबर

पॅक ५ चा तिसरा सेल परत ३.७६, बाकीचे ३.८४. बाद. टाकण्याआधी दिव्याच्या भारावर सावकाश उतरवला. फुगलेला किंवा खड्डा पडलेला असता तर उतरवण्याच्या भानगडीतही न पडता तसाच वाळूच्या डब्यात गेला असता. लेड-ॲसिड १२.५४, भरली. स्पीकर, इअरबड भरले. पॉवर स्टेशनचा स्क्रीन ५१ टक्के सांगतो. त्यावर विसंबायचं नाही, मोजणारी चिप महिनोन्‌महिने बारीक गळती धरत नाही.

२ नोव्हेंबर. उघडणं

डबे उघडण्याआधी तीन तास खोलीत. चार्जिंगचे सगळे पिवळे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. वॉकी-टॉकी २ आणि ६ च्या संपर्कांवर हिरवट डाग होते, खोडरबराने गेले. रिमोटमधले साधे अल्कलाइन सेल कोणीच काढले नव्हते आणि एक गळलाय. ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणून कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर, मग पाण्याने ओलसर कापड, मग अल्कोहोल. स्प्रिंग गंजलेली, बदलायची.

ई-बाइकचा पॅक ३७.९. आता मात्र पूर्ण चार्ज, आणि दिवा हिरवा झाल्यावरही तीन-चार तास तसाच लावून. त्याचं बीएमएस, म्हणजे पॅकमधलं सेल सांभाळणारं सर्किट, सेल बॅलन्स करतं ते फक्त वरच्या टोकाला. साठवणीसाठी मध्येच चार्जर काढल्यामुळे ते काम पाच महिने झालेलं नाही.

ट्रॅकर आणि पॉवर स्टेशन यांना एक पूर्ण फेरा: शंभरपर्यंत भरून, बंद पडेपर्यंत वापरून, परत भरून. एरवी टक्केवारी पहिले काही दिवस थापा मारते. निकेलच्या जुन्या आठ सेलपैकी दोन चार्जरने ओळखलेच नाहीत, बाकीच्यांना दोन फेरे लागले. कमी गळतीचे सोळाच्या सोळा तसेच चालले.

क्षमता मोजली. ट्रॅकर १, २, ४: १७५०, १७६०, १७४०. लाल खुणेचा ३: १६९०. हिशोबाला चालेल, पण तो लांबच्या फेरीत जाणार नाही. ड्रोनचे पाच पॅक ४८०० च्या वर.

पुढच्या जूनसाठी वहीत दोनच बदल केले. गळती प्रत्येक नगाची मोजायची, नमुन्याची नाही. आणि ‘चार्ज बाकी’ लिहिलेली वस्तू कपाटात जाणार नाही, ती टेबलावरच राहील. हेडलॅम्प ७ चे आटे घासलेले असल्याने त्याच्या टोपीवर आतापासूनच टेप लावून लिहिलंय: सेल काढ.